सवाष्ण ओळखणारं मशीन

येरमाळ्याला हायवेच्या कडेला, पंक्चरच्या दुकानाशेजारी एक गाळा सहा महिने बंद होता. मार्चमधल्या एका सकाळी त्याचं शटर वर गेलं आणि आठवड्याभरात त्याच्या दारात चपलांचा असा ढीग पडायला लागला की पंक्चरवाल्याला टायर ठेवायला जागा उरेना. नऊ वाजले की बायका रांगेत हजर. गावातल्या, मळ्यातल्या, वस्त्यांवरून जीप भरभरून आलेल्या. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाची टाच. काहीच दुखत नाही अशी बाई त्या रांगेत औषधालाही सापडली नसती.

आत लाल गालिचा अंथरलेला. त्यावर चार प्लास्टिकच्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीपुढे पावलाएवढ्या दोन स्टीलच्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांना वायरनं जोडलेला एक पांढरा डबा. डब्याच्या गळ्यात कवड्यांची माळ. डब्याला फिरवायची दोन बटणं होती. एकावर लिहिलं होतं 'लहर', दुसऱ्यावर 'ऊब'. लहर वाढवली की पायाला मुंग्या येत, ऊब वाढवली की पट्ट्या तापत. एवढंच ते यंत्र. नुसतं ठेवलं असतं तर तिकडे कुत्रं फिरकलं नसतं. पण शेजारी रणधीर उभा असायचा.

रणधीरला सगळे 'सर' म्हणायचे. अंगात डॉक्टरचा पांढरा कोट, कपाळाला मळवट, कानाला माइक. ना धड डॉक्टर, ना धड भगत. दोन्हीकडची लबाडी तेवढी त्यानं व्यवस्थित उचलली होती. कुठल्या गावचा विचारलं तर म्हणायचा, लहरींना गाव नसतं. शिक्षण विचारलं तर हसायचा. आणि मग सुरू व्हायचं त्याचं कीर्तन.

"माउल्यांनो, रेडिओ वाजतो तो कशावर? लहरींवर. त्या डोळ्यांना दिसतात का? नाही ना? मग देवीची लहर दिसत नाही म्हणून ती नाहीच, असं कसं म्हणता येईल? या डब्यात तीच रेडिओ लहर आहे. तीच फ्रिक्वेन्सी. पायातून शिरते, मस्तकातून निघते आणि जाताना दुखणं घेऊन जाते."

दर तिसऱ्या शब्दाला फ्रिक्वेन्सी. मी एकोणतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं, पण एवढ्या फ्रिक्वेन्सी मी सगळ्या नोकरीत मिळून उच्चारल्या नसतील. आणि ऐकणाऱ्या बायकांतल्या निम्म्या माझ्याच हाताखालून गेलेल्या. त्या माना डोलावत होत्या आणि मी दारात उभी राहून जळत होते.

दुखणं बरं करतो ही बढाई तर आठवडी बाजारात तेल विकणाराही मारतो. रणधीरचा खरा चमत्कार वेगळाच होता. त्याचं मशीन सवाष्ण ओळखायचं.

गालिच्याच्या उजव्या बाजूला सवाष्णींची रांग, डाव्या बाजूला विधवांची. अंगावरचा एकही दागिना उतरवायचा नाही, हा सरांचा नियम. सवाष्ण खुर्चीत बसली, पाय पट्टीवर ठेवले, लहर एक नंबरावर आणली, की बाई दचकून पाय वर घ्यायची. "अगं बाई, बोटाला टोचलं की!" विधवा त्याच खुर्चीत, त्याच पट्टीवर, त्याच नंबरावर बसली की काही नाही. दोन नंबर, काही नाही. तीन नंबरावर कुठं जराशा मुंग्या. मग रणधीर डोळे मिटायचा, आवाज ओला करायचा आणि माइकवर, म्हणजे अख्ख्या हायवेला ऐकू जाईल असं, सांगायचा की मावशी, सौभाग्याचं वलय गेलं की अंग लहर धरत नाही, तुम्हाला जास्त वेळ बसावं लागेल. दहा मिनिटांच्या जागी चाळीस. एकवीस दिवस फुकट, आणि नंतर लागेल म्हणून घरी न्यायला मशीन विकत. विधवांना दोन बटणांचं मोठं, सवाष्णींना लहान.

माझी पंचाईत अशी, की माझं लग्नच झालेलं नाही. मी बसले तेव्हा रणधीरला कुठली रांग द्यावी ते कळेना. माझी आयुष्यभर चपला-मोजे घातलेली पावलं, त्यामुळं मला एक नंबरावर बारीकशा मुंग्या आल्या. ना धड टोचलं, ना धड सुनं गेलं. त्यानं क्षणभर विचार केला आणि माइकवर जाहीर केलं की हे कुमारिकेचं तेज. एकसष्टाव्या वर्षी, पांढऱ्या केसांनिशी मी सगळ्या बायकांसमोर कुमारिका झाले. दोघी-तिघींनी हात जोडले. मी चप्पल घातली आणि घरी आले.

गावात शंकेखोर बायका नव्हत्या असं नाही. वस्तीवरची सिताबाई चांगली खट आहे. मेंढरं राखणाऱ्या घरातली बाई, बोलायला कुणाच्या बापाला भीत नाही. तिनं मशीनची परीक्षाच घ्यायची ठरवली. तिची जाऊ हरणाबाई विधवा. सिताबाईनं हरणाबाईला हिरव्या बांगड्या भरल्या, कपाळाला ठसठशीत कुंकू लावलं, गळ्यात खोटं मंगळसूत्र घातलं आणि सकाळच्या जीपनं परगावची पाहुणी म्हणून उजव्या रांगेत बसवली. लहर एक नंबर. हरणाबाई ढिम्म. दोन नंबर. ढिम्म. रणधीरनं तिच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं बघितलं, आणि हळूच विचारलं, "मावशी, खरं सांगा, मालक आहेत का?" हरणाबाई रडायला लागली. त्या दिवशी रणधीरच्या पाया पडायला वेगळी रांग लागली. देवीनं खोटं कुंकू ओळखलं, ही बातमी दुपारपर्यंत कळंबला पोचली.

 खोटं बोलत नाही, एक दिवस माझीही मती गुंग झाली होती.

यात मला पडायचं नव्हतं. मूर्ख लोक मूर्खपणा करतात, आपण किती जणींच्या मागं धावायचं? पण माझ्या घरासमोर महानंदा राहते. शाळेत दुपारची खिचडी शिजवते. दोनशे दहा पोरांचं जेवण, दोन मोठी पातेली, सकाळी आठ ते एक उभं काम. नवरा जाऊन आठ वर्षं झाली, मुलगी बारावीला. पाय चालले तर चूल चालते, असा तिचा सगळा संसार. सहावीत ती माझ्याच वर्गात होती, पाठांतराला पहिली.

महानंदाला चार वर्षांपासून साखर. वर्षभर तिच्या तळपायांची आग आग व्हायची. मग आग थांबली. "बाई, पाय लई बरं हाय आता, आगच व्हईना," असं तिनं मला दिवाळीत सांगितलं होतं आणि मीही म्हटलं होतं, चांगलं झालं. विज्ञानाची शिक्षिका ना मी! राहिला होता तो पोटऱ्यांचा ठणका आणि घोट्याची सूज, आणि त्यासाठी ती रणधीरच्या खुर्चीत बसायला लागली.

तिला काहीच कळायचं नाही. एक नंबरावर नाही, चारवर नाही, दहावर नाही. बाकी विधवांना निदान तीन-चारवर मुंग्या यायच्या, महानंदाला शेवटच्या नंबरावरही नाही. रणधीरनं तिला सांगितलं होतं की तुमचं वलय मुळापासून गेलंय. तिला रोज तासभर, दोन्ही बटणं शेवटपर्यंत फिरवून. शिवाय साखरेच्या गोळ्या एकवीस दिवस बंद, कारण गोळीची फ्रिक्वेन्सी लहरीला आडवी येते.

मी तिला ओसरीवर गाठलं आणि तोंडात येईल ते बोलले. गोळ्या बंद करायला तो कोण लागून गेला, त्याच्या बापानं तरी कधी दवाखाना बघितला होता का, असं सगळं. ती खाली बघत ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाई, सगळ्यांनला कळतं, मलाच कळंना. म्हंजी माज्यातच काय तरी कमी असंल ना?"

मला तिचा राग आला. इतका की मी उठून आत गेले. आठ वर्षं एकटीनं पोरगी वाढवलेली बाई एका स्टीलच्या पट्टीकडून स्वतःची किंमत विचारून घेत होती. आणि ही मी शिकवलेली.

माझ्या गुडघ्यासाठी मी तेव्हा धाराशिवच्या दवाखान्यात जात होते, एसटीनं तासाभराचा रस्ता. तिथं फिजिओथेरपीच्या खोलीत ज्ञानेश्वरी नावाची मुलगी आहे, अणदूरची. बोलायला तुटक, कामाला पक्की. त्या आठवड्यात मी सिताबाईलाही ओढून नेलं, कारण तिचा घोटा रणधीरच्या दहा दिवसांनंतरही तसाच सुजलेला होता आणि 'लहर धरते' एवढ्या समाधानावर ती लंगडत होती.

ज्ञानेश्वरीच्या खोलीतही मशीन होतं. दोन गादीसारखे पॅड, त्यांतून खरोखरच रेडिओसारख्या लहरी जातात आणि आतल्या स्नायूला ऊब देतात. पण बटणाला हात लावायच्या आधी तिनं आम्हाला प्रश्न विचारून हैराण केलं. अंगात कुठं रॉड-स्क्रू आहे का, छातीत मशीन बसवलंय का. मग एक गरम पाण्याची नळी आणि एक गार पाण्याची नळी आमच्या पायांना लावून, डोळे मिटून सांगा, कुठली गरम. मी म्हटलं, अगं, एवढी उलटतपासणी कशाला? ती म्हणाली, ज्याला चटका कळत नाही त्याला ऊब द्यायची नसते. बरं करणारं मशीन आहे का हे, असं सिताबाईनं विचारलं. "बरं करत नाही. दुखणं थोडं कमी करतं. तेवढ्यात तुम्ही व्यायाम करायचा. नाही केला तर मशीन उशाला घेऊन झोपलात तरी उपयोग नाही," ज्ञानेश्वरी म्हणाली. रणधीरच्या कीर्तनानंतर ते ऐकून माझे कान निवले.

मग ती सिताबाईला म्हणाली, पायातलं सगळं काढा. तोडे निघाले. जोडवी निघेनात. म्हणजे सिताबाई काढू देईना. लग्नाच्या दिवशी बोटात गेलेली जोडवी ती मेल्यावरच निघायची, आणि ती आधी मेली नाही तर नवरा मेल्यावर. मालक जिते असताना जोडवी काढायला सांगते म्हणजे काय, असं तिनं सगळ्या खोलीला विचारलं. ज्ञानेश्वरीला हे रोजचंच असणार. तिनं ड्रॉवरमधून हळदीत बुडवलेला दोरा काढला, सिताबाईच्या दोन्ही बोटांना बांधला आणि म्हणाली, हे तुमचं जोडवं, अर्ध्या तासासाठी. चांदी तेवढी बाजूला ठेवा. चांदी लहर ओढून घेते, तिथल्या तिथं चटका बसतो.

मी खुर्चीतून उठलेच. चांदी! एकोणतीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले, विजेचा सर्वांत चांगला वाहक चांदी. दोनशे वेळा पोरांकडून घोकून घेतलं. आणि महिनाभर त्या गाळ्यात बायकांचे पाय बघत होते, त्या पायांतली चांदी मला दिसली नव्हती. कारण आपल्याकडं जोडवं म्हणजे चांदी नसतंच. ते नवरा असतं, लाज असतं, कुळ असतं. हरणाबाईला कुंकू लावलं, बांगड्या भरल्या, मंगळसूत्र घातलं, पण विधवेच्या बोटात जोडवं घालायची छाती खट सिताबाईचीही झाली नाही. नेमकं तेवढंच राहिलं, आणि पट्टीला टेकणारं तेवढंच होतं.

मी गाळ्यातल्या दोन रांगांचं सांगितल्यावर ज्ञानेश्वरीनं मला नीट समजावून सांगितलं. रानात, उन्हात चालून बायकांचे तळवे जाड आणि कोरडे झालेले असतात, त्यातून वीज सहजी जात नाही. जोडवं मात्र बोटाच्या मऊ, घामेजल्या कातडीला आवळून बसलेलं असतं आणि खालून पट्टीला टेकतं. सगळी लहर तिथून घुसते, म्हणून टोचतं. तुमच्या त्या सरांना हे माहीत असणारच, ती म्हणाली, म्हणून तर तो दागिने काढू देत नाही. अर्ध्या तासानं सिताबाईनं जोडवी परत घातली. घरी गेल्यावर मालक धडधाकट निघाले आणि भाकरी करपली म्हणून तिच्याशी भांडलेही, हे तिनं दुसऱ्या दिवशी मला मुद्दाम येऊन सांगितलं.

मी रविवार ठरवला. ज्ञानेश्वरीला सुट्टी होती, ती यायला तयार झाली. पण एक गोष्ट मी तिला सांगितलीच नाही. महानंदाचं. तिची साखर, तिला शेवटच्या नंबरावरही न कळणं, काहीच नाही. मला शोध लागल्याची धुंदी चढली होती. रणधीरला भर गर्दीत कसा नागवा करते, यापलीकडं मला काही सुचत नव्हतं. ही चूक माझी आहे आणि ती मी कुणावर ढकलणार नाही.

रविवारी गाळा फुटेस्तोवर गर्दी. ज्ञानेश्वरी भिंतीपाशी थांबली, मी गालिच्यावर चढले. रणधीरनं हसून 'या बाई, या' केलं, माइकवर माझ्या तेजाचा पुन्हा एकदा उल्लेख केला. मी त्याच्याकडं दुर्लक्ष केलं आणि बायकांना वर्गात विचारायची तशी विचारलं, विजेचा सर्वांत चांगला वाहक कोणता?

"चांदी," दहा-बारा जणींनी एका सुरात सांगितलं. घोकलेलं कुठं जातंय? आणि सांगून झाल्यावर सगळ्या माझ्याकडंच बघत राहिल्या. स्वतःच्या पायाकडं एकीनंही बघितलं नाही.

मग सिताबाई पुढं आली. गालिच्यावर बसली, दोन्ही पाय पुढं घेतले आणि जोडवी काढली.  पुढच्या म्हातारीनं तोंडाला पदर लावला. सिताबाईनं ती जोडवी हरणाबाईच्या हातात दिली. हरणाबाई ती परत द्यायला निघाली, पण जाऊबाईंनी डोळे वटारल्यावर तिनं ती बोटांत घातली. सात वर्षांनी.

रणधीर म्हणाला, हा अधर्म आहे, मशीन बिघडेल. मी म्हटलं, बिघडू दे, मी भरून देते. लहर एक नंबरावर आणली आणि हरणाबाईनं असा पाय झटकला की खुर्ची मागं सरकली. "धरलं की वो! मलाबी धरलं!" म्हणत ती हसायला लागली, मग रडायला लागली. मग त्याच खुर्चीत सिताबाई बसली, नवरा जिवंत, कपाळाला कुंकू, पाय मोकळे. एक नंबर. दोन नंबर. ती शांतपणे बसून राहिली. "मालक बाहेर जीपमधी बसल्यात," तिनं रणधीरला सांगितलं. "जाऊन बघा, गेलं-बिलं का काय ते." पोट धरून हसल्या बायका.

मी जिंकले होते. मी भाषणाला तोंड उघडणार, एवढ्यात रणधीर डाव टाकून गेला. माणूस नालायक होता, पण बावळट नव्हता. त्यानं गर्दीतून महानंदाला हाक मारली.

"महानंदाताई, या. बाई म्हणतात सगळं चांदीचं आहे. घाला ही जोडवी."

महानंदा आली. मान खाली. सगळ्या गावासमोर तिनं जोडवी घातली, पट्टीवर पाय ठेवले. रणधीरनं बटण फिरवलं. एक. तीन. सहा. दहा. महानंदाचा पाय हलला नाही. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं. शाळेत उत्तर आलं नाही की बघायची तसं.

"आता बोला बाई," रणधीर माइकवर म्हणाला. "चांदीनं होत असतं तर हिला का नाही झालं? माणूस खोटं बोलतो, लहर बोलत नाही. हिचं वलयच गेलेलं आहे." गर्दी पुन्हा त्याच्याकडं झुकलेली मला स्पष्ट दिसली. 

ज्ञानेश्वरीनं भिंतीतला प्लग उपटला. मग ती महानंदाच्या पायाशी खाली बसली, पाऊल मांडीवर घेतलं, पिशवीतून कापसाचा बोळा काढला. म्हणाली, ताई, डोळे मिटा. मी जिथं शिवेन तिथं 'हं' म्हणा. तिनं अंगठ्याला कापूस लावला. टाचेला. तळव्याच्या मधोमध. पेन्सिलचं टोक दाबलं. महानंदा डोळे मिटून, मान थोडी पुढं करून वाट बघत होती. पाचव्या-सहाव्या वेळेला ती म्हणाली, "मॅडम, कवा सुरू करायचं?"

ज्ञानेश्वरीनं जोडवं सोडवलं, त्या पायाची बोटं फाकवली आणि पाऊल उलटं केलं. दोन बोटांच्या बेचक्यात आणि खाली तळव्याला, पट्टी टेकते तिथं, कातडं भाजून फुटलेलं होतं. कडा काळ्या पडलेल्या. पुढच्या रांगेपर्यंत वास आला. महानंदानं डोळे उघडले, आपल्या पायाकडं बघितलं, आणि दुसऱ्या कुणाच्या पायाबद्दल विचारावं तसं विचारलं, "हे कवा झालं?"

साखर आहे का, ज्ञानेश्वरीनं विचारलं. व्हय. गोळ्या? सरांनी बंद करायला लावल्या. किती दिवस झाले? अठरा. ज्ञानेश्वरी उठून उभी राहिली. ती ओरडली नाही.

"तुमचं यंत्र खरंच बोलत होतं," ती रणधीरला म्हणाली. "पहिल्या दिवसापासून सांगत होतं की साखरेनं नसा मेल्यात, या पायाला काहीच कळत नाही, हिला आजच्या आज डॉक्टरकडं न्या. तुम्ही त्याचा अर्थ लावलात, हिचा नवरा मेलाय. आणि जिला चटका कळत नाही तिच्या पायाखाली रोज तासभर विस्तव ठेवलात."

रणधीर काहीतरी म्हणाला, फ्रिक्वेन्सीबद्दलच असावं. माइक प्लगबरोबरच बंद पडला होता आणि माइकशिवाय त्याचा आवाज इतका बारीक होता की दुसऱ्या रांगेलाही ऐकू गेला नाही. सिताबाईच्या मालकानं जीप दाराशी लावली आणि आम्ही महानंदाला घेऊन धाराशिवला निघालो. वाटेत तिनं मला एकच विचारलं, उद्याची खिचडी कोण करणार.

आम्ही परत येईपर्यंत गाळ्याचं शटर खाली आलं होतं. डबा, खुर्च्या, कवड्यांची माळ, सगळं घेऊन महाशय पसार. गालिचा तेवढा राहिला, तो पंक्चरवाल्यानं घेतला. पोलिसांत तक्रार दिली आहे, तपास चालू आहे म्हणतात. तो आज कुठल्या तरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या देवीची माळ डब्याला घालून माना डोलावून घेत असेल, याबद्दल मला शंका नाही. आमच्याच गावातल्या चार शहाण्या अजून सांगतात की मशीन चांगलं होतं, बाईंनी विटाळ केला म्हणून देवी उठून गेली. त्यांच्याशी मी बोलत नाही.

महानंदाचा पाय वाचला. दोन बोटं गेली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडाभर उशीर झाला असता तर गुडघ्याखाली कापावं लागलं असतं. सव्वीस दिवस ती दवाखान्यात होती आणि मी रोज डबा घेऊन जात होते. एक दिवस तिथं तिची नणंद आली आणि रडत म्हणाली, दादा असता तर लहर धरली असती, हे दिवस बघायला लागले नसते. इतके दिवस मान खाली घालून बसणारी महानंदा उशीवरून उठून बसली.

"वन्सं, तुमचा दादा असता," ती म्हणाली, "तर म्या बोटात जोडवी घालून भाजले असते. सवाष्ण म्हणून."

 मी डब्यातली भाजी वाढत राहिले, कारण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

आता ती शाळेत उंच स्टुलावर बसून खिचडी ढवळते. गोळ्या वेळेवर घेते. शनिवारी शाळा सुटली की पोरांच्या आया तिच्यापाशी थांबतात, ती त्यांना डोळे मिटायला लावते आणि तळपायाला कापूस लावून बघते. आतापर्यंत नऊ जणींना ती दवाखान्यात घेऊन गेली. त्यांतल्या सहा सवाष्णी होत्या.

तुम्हाला माझं सांगणं एवढंच. विजेची मशिनं वाईट नसतात. ज्ञानेश्वरीकडं चांगली चार आहेत, माझा गुडघा त्यांनी आणि व्यायामानं बराच सुधारला. जी व्यक्ती मशीन लावण्याआधी तुम्हाला दहा प्रश्न विचारते, दागिने काढायला लावते आणि पूर्ण बरं होईल असं वचन देत नाही, तिच्याकडं जा. जो प्रश्नच विचारत नाही आणि उत्तरं मात्र देतो, त्याच्या दारातून चप्पल न काढता परत फिरा. उद्या आंघोळ झाली की स्वतःचे तळपाय उलटे करून बघा, घरातल्या कुणाला तरी कापूस लावायला सांगा. कळलं नाही तर रक्तातली साखर तपासून घ्या. नवरा जिवंत आहे की मेलाय, याची चौकशी करू नका. पायाला त्यातलं काही माहीत नसतं.